मागची भिंत

ऑर्वोक्कीची शेव्हरोले माझ्या गॅरेजात आली तेव्हा
बाहेर उणे एकवीस होतं,
आणि तिच्या तोंडून वाफ कमी, शिव्या जास्त निघत होत्या.
दोनदा क्रँकचं मागचं सील बदललं, म्हणाली,
दोनदा गिअरबॉक्स उतरवला सेइनायोकीच्या त्या शहाण्याने,
दोनदा बिल.
आणि तेल?
तेल आपलं टपटप.

पहाटे साडेतीनपासून ती पेपर टाकते.
त्रेसष्ट पेट्या, एकतीस किलोमीटर.
प्रत्येक पेटीशी गाडी घटकाभर थांबते
आणि बर्फावर एक काळा ठिपका ठेवून पुढे जाते.

मी गाडीखाली शिरलेच नाही.
डिस्ट्रिब्युटरच्या आड, जिथे हात जातो पण नजर जात नाही,
तिथे आरसा घातला,
मावसबहिणीच्या दवाखान्यातला, दातांचा.
ओल तिथून निघत होती.
वर पाझरायची, पाठीवरून ओघळायची
आणि खाली सीलच्या दारात जाऊन थेंब व्हायची.
चोर सोडून संन्याशाला सुळी.
तीही दोनदा.

मॅनिफोल्ड उचललं.
दोन हेडांच्या मधे ब्लॉकची बुटकी भिंत,
पुढे एक, मागे एक.
मागचीवर कॉर्कची पट्टी,
आवळताना सटकलेली, दमल्या कुत्र्याच्या जिभेसारखी बाहेर.
ती शेगडीत टाकली. चरचरली, वास सोडून गेली.

मग खरवडणं.
आत कचरा पडू नये म्हणून चिंध्या कोंबल्या,
बोथट सुरी, ॲसिटोन, पुन्हा सुरी, पुन्हा ॲसिटोन,
बोट फिरवलं की धुतल्या ताटासारखं
करकर वाजेपर्यंत.
हे कुणी बिलात लिहीत नाही.
काम म्हणजे हेच, बाकीचं नुसतं आवळणं.

काळ्या सिलिकॉनची एक ओळ, न तोडता,
करंगळीच्या नखाएवढी रुंद,
चारी कोपऱ्यांवर थोडी चढवून.
कोपरेच फितूर असतात.

बसव ना आता, ऑर्वोक्की म्हणाली.
थांब, साय धरू दे.
दहा मिनिटं आम्ही दोघी एका ओळीकडे बघत उभ्या.
बोट टेकवलं. चिकटलं नाही.

दोन खुंट्या वाटाड्या म्हणून लावल्या,
एक टोक तिने धरलं, एक मी.
सरळ खाली. आडवं नाही. केसभर सरकलं
तर सगळं पुसलं.
मग मधून बाहेर, आळीपाळीने,
तीन फेऱ्यांत, हलक्या हाताने.
जास्त आवळलं की जे धरून ठेवायचं
तेच पिळून बाहेर जातं.
मी माझ्या पहिल्या लग्नाबद्दल बोलत नाहीये.
इंजिनाबद्दल बोलतेय.

तेल लगेच भरायचं नाही, हे तिला पटेना.
दुसऱ्या दिवशी पेपर नसतो, म्हणून निभावलं.
गाडी रात्रभर तशीच, झाकण उघडं,
ऑपरेशन झालेल्या माणसासारखी गप्प.

सकाळी खाली पांढरा पुठ्ठा अंथरला.
अर्धा तास इंजिन चालवलं.
ती गुडघ्यांवर बसली, वाकली, पुठ्ठ्यावर तळहात फिरवला,
तळहात पाहिला,
आणि काही न बोलता गेली.
आमच्याकडे याला आभार म्हणतात.

सोमवारी सातला फोन. विल्होकाका.
त्याची पेटी शेवटची, घरापासून दोनशे पावलं,
आणि पाय अठ्ठ्याऐंशी वर्षांचे.
आज पेपर आला नाही का गं?
आला असणार, म्हटलं. जाऊन बघ की.
छे, ठिपकाच नाही!
मी खिडकीतून दुर्बिणीने बघतो,
ठिपका असला तरच बूट घालतो.
मी सांगितलं, गाडी दुरुस्त झाली, काका.
बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.
मग म्हणाला,
कुणी केली?